थंड इंजिन

दूधवाला म्हणाला, सकाळी गाडी काढता तेव्हा
गल्लीभर पेट्रोल 'महकता है'.
जणू मोगराच.
मला येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं
ते परतलंच नाही. करपलेली फोडणी मला
धुरावरून कळते, आणि दूध नासलंय का ते
वरच्या इंदापूरकर वहिनींना विचारून.

पण एकतीस वर्षं ए.जी. ऑफिसात काढलीत,
दुसऱ्यांच्या खर्चावर लाल पेन्सिलीने खुणा करत.
गाडीची वही आहे माझी. तारीख, लिटर, किलोमीटर.
दिवाळीपर्यंत लिटरला पंधरा.
डिसेंबरात चौदा. संक्रांतीला तेरा.
वास खोटा असेल, वजाबाकी नसते.

नेमीचंद कुशवाह, कंपूच्या उताराला, पत्र्याची शेड.
वहीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
टाकीचं झाकण, फिल्टर, नळ्या, क्लिपा,
सगळं बोटांनी चाचपून आला. कोरडं.
इंजिनाखाली मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला,
तासाभराने काढला. एक डाग नाही.
'कुछ नहीं है, बाईसाहब.'
तीनदा गेले. तीनदा कोरडं.
चौथ्यांदा तो तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून
थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
तुम्ही दर वेळी हिला गरम करून आणता.
आज रात्री इथेच सोडा.

सकाळी साडेसहाला टेम्पोतून उतरले
तर धुक्यात किल्ला नव्हताच.
समोरच्या चहावाल्याची शेगडी नेमीचंदने
वीस पावलं लांब सरकवायला लावली होती.
विडी कानावर, न पेटवलेली.
चावी अर्धीच फिरवा, म्हणाला. स्टार्ट नको.
मागे टाकीत पंप दोन सेकंद गुणगुणला
आणि टॉर्चच्या उजेडात
तिसऱ्या इंजेक्टरच्या मुळाशी
ओठावर घाम फुटावा तसं काही चमकलं,
जमलं, थेंब झालं,
ओघळलं, आणि खाली पोचायच्या आत उडून गेलं.
पुन्हा चावी. पुन्हा थेंब.

थंडीत रबर आकसतं.
गरम झालं की फुगतं, फट बुजते.
म्हणजे चोर रोज पहाटे येत होता
आणि आम्ही पंचनाम्याला दुपारी जात होतो.

पंपाचा फ्यूज उपटून त्याने इंजिन चालू केलं,
ते नळीतलं उरलंसुरलं पिऊन
खोकत बंद पडलं. मग बॅटरीची तार सोडली,
खाली फडकं, दोन बोल्ट,
आणि माझ्या तळहातावर ठेवली ती रिंग:
शर्टाच्या गुंडीएवढी, काळी.
नखाने दाबली तर मोडली.
रबर मोडू नये. वाकावं.
वाक्य मी तिथेच थांबवलं;
साठीनंतर अशी वाक्यं फार लांबतात.

नव्या रिंगा तीन, ऑइलचं बोट फिरवून.
गळत एकच होती ना?
'एक गई तो बाकी लाइन में हैं.'
एकशेवीस, मजुरी तीनशे. मी पावती मागितली.
पावतीपुस्तक नव्हतं. त्या कोऱ्या पुठ्ठ्याचा कोपरा फाडून
त्याने आकडे मांडले, खाली सही केली,
तारीख घालायला मी सांगितलं.

फ्यूज जागेवर. चावी. पंप गुणगुणला. टॉर्च.
'सूंघ लो,' म्हणाला.
त्याला सांगितलंच नव्हतं मी.
वाकले. छाती भरून श्वास घेतला.
काही नाही.
दोन वर्षांत पहिल्यांदा ते उत्तर बरोबर होतं.

नऊ फेब्रुवारी. चौदा पूर्णांक आठ.
पुठ्ठा वहीला टाचला आहे.
उरलेल्या दोन दशांशांवर आक्षेप कायम.