बेबी ऑफ सत्यफुला

'श्वास रोखा,' म्हणतो मी दिवसाला चाळीस वेळा
खोकणाऱ्या छात्यांना,
मोहाच्या झाडावरून पडलेल्या बरगड्यांना.
हिला काय म्हणणार?
वय एकोणीस तास, वजन दोन किलो शंभर.
नाव नाही, म्हणून पाकिटावर लिहिलं:
बेबी ऑफ सत्यफुला नन्नावरे, तालुका कुरखेडा.
बाजू दाखवायचं शिशाचं अक्षर कॅसेटवर ठेवलं
तर ते तिच्या तळव्याहून मोठं.

सिस्टर आधीच कुजबुजली होती:
मांडी सुजलीय, सुईणीनं ओढलं असणार.
आणि सुईण, भुराबाई, दाराबाहेर
चपला हातात धरून उकिडवी.

व्होल्टेज ठरेपर्यंत थांबलो.
डोस उतरवला, अजून उतरवला.
प्लेट गार लागू नये म्हणून खाली लुगड्याची घडी.
शिशाचा एप्रन घालून बापानं डोकं धरलं,
पिकलं टेंभरू धरावं तसं.
श्वास मीच रोखला.

ट्रेमधून फिल्म वर आली.
बरगड्यांवर मणी,
एकीवर तीन, दुसरीवर चार.
मांडीचं हाड आखूड, चुणी पडलेलं.
कवटी तर जेमतेम उमटलेली.

मणी म्हणजे जुनं मोडणं.
हाड जुळताना असं फुगतं, आठवडे लागतात त्याला.
एकोणीस तासांत काहीच जुळत नाही.
म्हणजे ही आतच मोडली,
जुळली, पुन्हा मोडली,
आणि आईला वाटलं, पोर शांत आहे.

नागपूरला फोटो पाठवला. उत्तर आलं:
डोळ्यांचा पांढरा भाग बघा.
टॉर्च लावला. निळसर,
उन्हं चढल्यावर विटणाऱ्या जवसाच्या फुलासारखा.
आजाराचं लांब नाव पाकिटामागे लिहिलं
पेन्सिलीनं, स्पेलिंग दोनदा खोडून.

'म्या वढलं नाही जी,'
भुराबाई फिल्मकडे न बघताच म्हणाली.
'हे तुझ्या हाताआधीचं आहे,' मी म्हटलं.
तिनं फिल्म उलटी धरली, उजेडाकडे,
बराच वेळ.
'मंग त हे लय दिवसापासून रडत असंन.'

मग विचारलं, उचलू कशी?
एक तळवा ढुंगणाखाली, एक मानेमागे.
बगलेत धरायचं नाही.
लंगोट बदलताना पाय वर ओढायचे नाहीत.
तिनं चपला खाली ठेवल्या
आणि आपल्या पिशवीवर करून पाहिलं, दोनदा.

पुढचा पेशंट आत आला.
'श्वास रोखा' म्हणायचं राहिलं.
फिल्म हलली. पुन्हा काढावी लागली.