सव्वाचार फुटांवर

दोह्याहून प्रसन्नचा फोन :
आईच्या दाराला आयहोल, साखळी,
आणि खाली, उंबऱ्याजवळ, एक जाड खिटी.
वरच्या वाड्यावर दोन घरं फुटलीत, ती एकटी असते,
पैसे पाठवलेत.

साखळी गावात साखळी बसवायची,
हा विनोद मी नाही केला.
सुलोचनाबाईंनीच केला, दार उघडता उघडता,
कोण आहे हे न विचारता.
‘असं उघडायचं नसतं,’ मी म्हटलं.
‘चोर काय चहाच्या वेळेला येतो?’

आयहोल पाच फुटांवर.
सगळीकडे मी पाच फुटांवरच पाडतो.
खूण केली नि म्हटलं, बाई, जरा उभ्या राहा इथं.
खूण त्यांच्या अंबाड्याच्याही वर गेली.
थुंकी लावून पुसली.
नवी खूण : सव्वाचार फूट.
बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, कुणा पोरासाठी केलंय.

फणसाचं दार. ड्रिलखाली हळदीसारखा भुसा.
हे लाकूड हट्टी,
एकदा स्क्रू धरला की धरला.

मग खिटीसाठी खाली बसलो,
तर उंबऱ्यापासून चार बोटांवर
चार भोकं. मेणानं बुजवलेली, वरून रंग.
‘इथं आधी काही होतं?’
बाई पदरानं हात पुसत राहिल्या.
हात कोरडेच होते.

‘मास्तर रात्री उठायचे.
शाळा भरली म्हणायचे, घंटा ऐकू येते म्हणायचे.
दोनदा वाळवंटीच्या काठावर सापडले.
तिसऱ्यांदा पदेरानं आणून सोडले,
सायकल हातात धरून, पावांची टोपली निवत ठेवून.
वरची कडी त्यांना यायची. मधली यायची.
म्हणून मी खाली लावली.
खाली बघायचेच नाहीत रे ते.
जन्मभर पोरांना सांगत आले, मान वर.
दारभर हात फिरवत उभे राहायचे,
आणि मी पलंगावर जागी,
झोपल्यासारखी.’

बाहेर पदेराचा भोंगा वाजून गेला.

‘तिथं नको.
मला वाकता येत नाही, म्हणून सांग प्रसन्नला.’
खोटं नव्हतं ते.

साखळी मात्र बसवली. म्हटलं, करून बघू एकदा.
मी बाहेर, दार बंद.
काचेचा ठिपका काळा झाला : डोळा आला.
‘कोण?’
‘रामनाथ चारी.’
‘कुठला चारी?’
‘मास्तरांनी चौथीत दोनदा बसवला, तो.’
आत हसू. दार चार बोटं उघडलं,
आणि तिथंच अडलं.

बोटं दिसत होती फटीतून,
आल्याच्या गड्ड्यासारखी,
आणि ते पितळी बोंड त्यांतून निसटत होतं.
‘बाई, आधी दार लावा. पुरतं लावा.
लावल्याशिवाय साखळी सुटत नाही.’
‘उघडायचंय मला, नि तू लावा म्हणतोस?’
माझी पेटी आत, गाडीची चावी आत.
बाहेर मी, आत त्या,
मध्ये माझंच काम.
अकरा मिनिटं.
शेवटी सुटली तेव्हा दोघांनाही घाम,
आणि चहाची पार साय झालेली.

बोंड काढून टाकलं.
बाईंनी एक मोडकं लाटणं आणून दिलं,
त्याची मूठ कापली, घासली, भोक पाडून बसवली.
हात ठेवला त्यांनी. सरकवली. सुटली.
पुन्हा लावली, पुन्हा सोडली,
पोळ्या लाटाव्यात तशी, न बघता.

एक जादा किल्ली पलीकडे रोझलीनकडे दिली.
उद्या पडल्या-बिडल्या तर
दार फोडायला मलाच बोलावतील,
आणि फणस फुटत नाही.

रात्री प्रसन्नला फोटो पाठवले.
लगेच विचारलंन : खालची खिटी कुठाय?
बराच वेळ फोन हातात धरून बसलो.
मग लिहिलं :
तिथं लाकूड धरत नाही.