हाव

आमच्या नागपुरात होकाराला हाव म्हणतात.
पुस्तकात हाव म्हणजे लोभ.
मेडिकलच्या औषध-खिडकीत अकरा वर्षं बसून
मला दोन्ही अर्थ कळले,
जरा उशिराच.

खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक.
त्या भोकातून मी बोलते:
ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर,
ही अर्धी मोडून. समजलं?
हाव.
आणि रांग एका माणसानं पुढे सरकते.
मे महिन्यात कूलरचं पाणी दुपारीच आटतं,
बाहेर दीड-दोनशे माणसं, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेली.
समजलं? हाव. समजलं? हाव.
कुणी क्षणभर थांबून ओठ हलवले
तर त्याच्या वतीनं
मीच मान डोलवायचे.

देवाजी नंदनवार, वय एकसष्ट, राहणार गोळीबार चौक,
चाळीस वर्षं हातमागावर.
बीपी वाढलेलं. दोन महिन्यांच्या गोळ्या, एकशेवीस.
पाकिटावर मी निळ्या पेननं लिहिलं
१-०-१
आणि खाली रेघ ओढली, महत्त्वाचं म्हणून.

पाच महिन्यांनी आले, सुनेच्या खांद्यावर भार टाकून.
डावा हात रिकाम्या पिशवीसारखा,
ओठाचा डावा कोपरा खाली उतरलेला.
सून म्हणाली, गोळी देली होती ना तुम्ही, मंग असं कसं झालं?
मी विचारलं, घेत होते का?
"घेतल्या ना बाई," जड जिभेनं तेच बोलले,
"मोजून घेतल्या. रोज एक.
एकशेएक. एकबी नाही चुकवली.
मंग पुरा झाला ना कोर्स."
आणि उजव्या हातानं खिशातून पाकीट काढून
भोकातून आत सरकवलं.
"एकोणीस उरल्या. वापस घ्या,
कोणाच्या कामी येतीन."

एकशेएक.
लग्नाच्या आहेराचा आकडा,
देवळाच्या पावतीवरचा.
माझंच अक्षर होतं. माझीच रेघ.
मधल्या दोन आडव्या काड्या त्यांना
धाग्यांसारख्या दिसल्या असतील,
आकड्याला आकडा जोडणाऱ्या.
साडीच्या काठात किती तारा
हे बोट फिरवून सांगणारा माणूस.
मोजण्यात त्याची चूक होणारच नव्हती.

त्या दिवशी घरी जाताना
चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे घेतले
आणि तसेच ठेवून आले.

आता मी विचारते,
घरी गेल्यावर काय सांगाल, कोणती गोळी कधी?
माणसं गोंधळतात, चपलेकडे बघतात.
मागून कुणीतरी ओरडतं,
ओ मॅडम, पेपर घेऊन राहिल्या काय?
कामठीची सुगंधा खडसे म्हणाली,
"रातची गोळी म्हणता, पण रातपाळी हाये माही.
झाडू-पोछा करते हॉटेलात.
माही रात सकाळी नऊला लागते.
मंग कवा खाऊ?"
मला माहीत नव्हतं.
वर ओपीडीत जाऊन विचारून येईतो
रांग दारापर्यंत पोचली होती,
आणि साहेबांची चिठ्ठी टेबलावर:
वेग कमी आहे.

गेल्या बुधवारी देवाजी पुन्हा आले, एकटेच, काठी घेऊन.
खिशातून वीतभर सुती दोरा काढला.
एक टोक दातात धरून, एका हातानं
वर एक गाठ मारली,
मधे बराच दोरा मोकळा सोडला,
खाली दुसरी गाठ.
मोकळ्या दोऱ्यावर अंगठा फिरवत म्हणाले,
"हे दुपार. इथं काही नाही.
अन् खालची गाठ झाली का
उद्याचा दोरा. मंग परवाचा.
हे थान काही संपत नाही बाई, मी हाये तवरक."
मग जाळीतून बघत विचारलं,
"समजलं?"

हाव माझ्या अगदी ओठावर आली.
मागे रांग चुळबुळत होती.
मी म्हटलं, थांबा,
ती मधली गाठ, म्हणजे जिथं गाठ नाही ते,
पुन्हा एकदा दाखवा.