सेत्तिमियाचा उदी

प्रातोत चिंध्या वजनावर येतात.
गाठोडं सुटलं की आधी वास येतो,
डांबरगोळ्यांचा, कुत्र्याचा, परक्या घरांचा,
आणि मग रंग.

आमच्या गोदामाची लोकर कुणी रंगवत नाही.
जुन्यातलेच रंग वेचायचे, ढीग लावायचे,
पिंजून एकत्र कातायचे.
बारा भाग विटकरी, दोन अंजिरी, चिमूटभर काळा,
असलं काही सेत्तिमिया तोंडाने सांगत नसे.
चाळीस वर्षं त्याच बाकावर,
कात्रीने बटणं उडवायची आणि न बघता फेकायची.
चिंधी आपापल्या घरी पडायची.

पुढचा शरद इथे वसंतातच ठरतो.
दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
मिलानहून एक माणूस आला, महागड्या बुटांचा.
उदी ढिगात त्याने कोपरापर्यंत हात घातला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
म्हणाला, हा नुसता तपकिरी नाही,
याच्या आत काहीतरी दुखतंय.

ऑक्टोबरात काचेकाचेमागे तोच.
कोट, टोप्या, पर्सचे पट्टे,
स्टेशनवर एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगातसुद्धा.
मासिकांनी बारसं केलं: ओला पाचोळा.
सेत्तिमिया म्हणाली, पाचोळा कसला,
माझ्या नवऱ्याचं एक जाकीट होतं असलं.

यंदा फेब्रुवारीत तिचे मोतीबिंदू काढले.
सोमवारी आली, ढिगापाशी उभी राहिली
आणि उदीतून एकेक उपसू लागली.
हा जांभळा.
हाही जांभळा.
आणि हा निळा, अगं शुएयिंग, निळा आहे हा!
किती वर्षं मी
एवढंच म्हणाली आणि खाली बसली.
मांडीवर जांभळ्याचा हा एवढा ढीग,
कुणी ठेवायला दिलेला आणि न्यायला विसरलेला.

मार्चमध्ये मागणी आली: तोच रंग, हुबेहूब.
तिने दोनदा जुळवला.
दोन्ही वेळा स्वच्छ उदी झाला, कुठे बोट ठेवायला जागा नाही.
मिलानहून नमुने परत आले.
ओनोफ्रिओ मालक काट्याभोवती येरझाऱ्या घालतो,
डॉक्टरला शिव्या देतो, मग सेत्तिमियाची माफी मागतो.

आज दुपारी, ब्रेडचे तुकडे झटकून,
तिने कात्री माझ्यापुढे सरकवली.
तू टाक, म्हणाली,
आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

माझे डोळे एकोणीस वर्षांचे आहेत.
माझे आईवडील वेन्चौहून इथे शिवणकामाला आले,
दोऱ्यांच्या रिळांवर मी रंग शिकले.
जांभळा मला जांभळाच दिसतो.

पण फेकायला मी हिच्याकडे शिकले.

एक स्वेटर उचलला, लहान मुलीचा, कोपरे विरलेले.
बटण उडालं, फरशीवरून लांबवर घरंगळत गेलं.
हात सुटला.
जांभळा गेला उदीत,
जिथे तो इतकी वर्षं जात होता.

तिने मान वळवली नाही.
दुसरा, म्हणाली.