आपु

तीन आठवडे ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढत होती,
एकदा तर अशोक चौकात थेट केळ्यांच्या गाड्यापर्यंत.
मेकॅनिक म्हणाला, कॅलिपरची जोडी बदला, सहा हजार.
मी म्हटलं, बघते.

रविवार. विडी घरकुल. नळाला पाणी येऊन चौथा दिवस.
दहालाच पत्रे तडतडायला लागलेले.
पुढची दोन्ही चाकं काढली, खाली जॅक,
आणि जॅकचा काय भरवसा, म्हणून बापूंनी सरकवले
मोडीत निघालेल्या मागाचे दोन लाकडी ठोकळे,
तेल पिऊन पिऊन काळे झालेले.

डावीकडचं पॅड झिजून पत्र्याला टेकलेलं.
उजवीकडचं जवळजवळ नवं.
म्हणजे इतके दिवस एकटं तेच राबत होतं.
अम्मा विडी वळता वळता म्हणाली,
घराघरात असंच असतं.

उजवा पिस्टन गंजून बसलेला.
होजच्या भोकात सायकलच्या पंपाची नळी,
तोंडाशी जुन्या चादरीची घडी.
चार पंप. सात. काही नाही.
अकराव्याला फट्!
चादरीत एक लोखंडी वाटी येऊन पडली,
काठाला गंज, पोटाला गुळगुळीत.

बापूंनी खोबणीतून बोट फिरवलं.
अडतीस वर्षं फणीतला तुटका धागा
त्यांनी असाच शोधला, न बघता.
माझ्या चष्म्याला न दिसलेला वाळक्या तेलाचा एक कण
त्यांच्या नखावर आला.

एकशे ऐंशीच्या किटमधली रबरी रिंग.
ग्रीस नाही, बोटावर नुसतं ताजं ब्रेक ऑइल.
पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबायचा, कलला की अडला.
ही रिंग तेल तर अडवतेच,
शिवाय पाय उचलला की पिस्टनला मागे ओढते,
केसभर.
तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं.

उरली हवा काढायची.
त्याला माणसं दोन लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी.
दाब. धर. सोड.
अम्माच्या सुपात अजून तीनशे विड्यांचा तंबाखू, ती उठणार नाही.
राहिले बापू,
आणि बापूंचे कान मागांनी कधीच नेलेले.
कारखान्यात ते ओठ वाचायचे.
मी चाकाआड पालथी,
माझे ओठ त्यांना कुठून दिसणार?

अम्माने मान वर न करता विडीच्या दोऱ्याची रीळ फेकली.

डाव्या पायाच्या अंगठ्याला गाठ, दाराच्या फटीतून दोरा माझ्या हातात.
एकदा ओढला, दाबा. दोनदा, सोडा.
बाटलीत चहाच्या रंगाचं तेल, बुडबुडे,
पुन्हा तेल, जरा पिवळं,
आम्ही दोघं चांगले लयीत आलो
आणि निपल उघडी असतानाच दोरा तुटला.
विडीचा दोरा, तो किती धरणार?

आता ते पाय उचलणार, सगळी हवा परत आत.
आपु! मी ओरडले, आपु, आपु!
गल्लीतली सायकल थांबली.
विटीदांडू थांबला.
अम्माचा हात पानावर थांबला.
ज्यांना ऐकू जायला हवं होतं त्यांना सोडून सगळे.

पेडल मात्र वर आलं नाही.
निपल आवळून मी खिडकीत गेले.
बापू समोर बघत बसलेले,
उजवा पाय तळापर्यंत रोवलेला, पोटरी थरथरत.
ओठांनी विचारलं, का नाही उचललात?
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,
"धागा तुटला की माग उभा राहतो.
आधी जोड, मग पुढचं."

गाठ त्यांनीच मारली, विणकराची, एका हाताने.

संध्याकाळी होटगी रोडच्या मोकळ्या पट्ट्यात
स्टिअरिंग जरा सैल सोडून ब्रेक दाबला.
गाडी सरळ थांबली.
सांगण्यासारखं एवढंच.

रात्री ते जेवायला बसले तेव्हा
अंगठ्याला दोरा तसाच, वीतभर.
अम्माने भाकरी वाढता वाढता तो एकदा ओढला.
बापूंनी, ताटावरून नजर न काढता,
पाय फरशीवर दाबला
आणि धरून ठेवला.