वरच्या फळीवरची साडी

मधल्या मारुतीजवळच्या दुकानात
गादीवर उभा राहून बत्तीस वर्षं
मी साडी नेसतोय.
शर्ट-पँटीवरून, मिशीसकट.
पाच निऱ्या चिमटीत धरतो पोटाशी,
पदर टाकतो डाव्या खांद्यावर
आणि म्हणतो, वहिनी, आता बघा.

पहिल्या वर्षी हसायच्या.
मी हसणं थांबवलं, तेव्हा त्यांचंही थांबलं.

ठेंगणीला मी मोठ्या काठाची दाखवत नाही.
काठातच अर्धी बाई संपते.
मागितलीच तर म्हणतो, वरच्या फळीवर आहे,
पोऱ्या जेवायला गेलाय.
अंगानं भरलेलीला खळीचं सुती नको,
मंडपासारखं फुगतं ते.
तिला पाण्यागत पडणारं द्यावं, बारीक बुट्ट्यांचं.
उंच काटकुळ्या मास्तरीणबाईंना आडव्या रेघा.
सावळीची सासू म्हणते, फिकं काढा.
मी सासूला चहा सांगतो
आणि बोलता बोलता वांगी रंग उलगडतो.
चहा येईस्तोवर सून आरशापाशी गेलेली असते.

हे कुणी शिकवलं नाही.
चन्नप्पा मालक एवढंच म्हणायचे,
रेवणसिद्धा, बाईच्या अंगाकडे बघू नकोस,
आणि बघितल्याशिवाय साडी काढू नकोस.

वैशाखात, डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी
कुंभारीच्या घरकुलातून अंबुबाई येमूल आल्या.
बुटक्या. उजवा खांदा वर, डावा खाली, मान पुढे.
चाळीस वर्षं मांडीवर सूप, सुपात विड्या.
नोटांनाही तंबाखूचा वास.
धाकटीचं लग्न होतं.
म्हणाल्या, सरळ दिसंन असं कायतरी द्या वो.

मी कामाला लागलो.
गडद रंग, उभी वीण,
पदर मोकळा, म्हणजे पाठीचा बाक झाकेल,
काठ बोटभर, त्याहून जास्त नाही.
एक नेसलो, दुसरी नेसलो, घाम पुसत
अकरावी नेसलो: जांभळी, तिला मोरपंखी कड.

त्या उठल्या.
माझं कोपर धरून मला आरशाकडे वळवलं.
"तुमालाच छान दिसतंय की वो.
खांदे बगा, पाटासारखे.
माझ्या अंगावर ही अशी कुठं दिसणार?"

पोऱ्या फस्सकन हसला.
मी आरशात बघत राहिलो आणि मला हिशोब लागत गेला.
दिवसाला पंचवीस-तीस बाया
बघत आल्या माझ्या खांद्यांकडे
आणि घरी घेऊन गेल्या
मला शोभलेलं.
साखर पेठेत, जुळे सोलापुरात, पार होटगीपर्यंत
किती कपाटांत
माझ्या मापाची आवड
डांबरगोळीसोबत घडी घालून पडली असेल.

पदर उतरवून त्यांच्या हातात दिला.
म्हटलं, तुम्हीच घ्या खांद्यावर. पण खाली झुकलाय तो,
घसरेल, दोन पिना लावा.
"घसरू द्या. काम करताना खोचतेच की.
ती हिरवी काढा. मोठ्या काठाची."
सवयीनं माझ्या तोंडून गेलं,
वरच्या फळीवर आहे, पोऱ्या जेवायला...
"हितंच हाय की पोरगं. आत्ता हसलं नव्हं?"

काढली.
झंपरावरूनच पदर घेतला त्यांनी,
हातभर काठ, गुडघ्याच्या वरपर्यंत नुसती जर.
माझं शास्त्र बरोबर होतं:
अर्धी बाई काठात बुडाली.
वर राहिलेली अर्धी
पैसे मोजत होती, मोजताना चुकत होती,
परत पहिल्यापासून मोजत होती,
आणि मधेमधे आरशात बघत होती.

रात्री महानंदाला विचारलं,
मी आणलेल्या साड्या तू नेसत का नाहीस गं?
भाकरी थापता थापता ती म्हणाली,
शेजारच्या निंगव्वाला देते.
तिचे खांदे तुमच्यासारखे आहेत.