भाडं

मे महिन्यात मरियामाता गावोगाव जाते,
एका रात्री एका घरी, अशी आमच्याकडची रीत.
या वर्षी पावसाने पूल नेला,
म्हणून मेश्त्रे एर्मेनेजिल्दो म्हणाले, नावेने नेऊ.
म्हणाले, देओलिंदा, तू बस मूर्ती घेऊन. तुझी मांडी घट्ट आहे.

मी मीठ करते, लागाच्या तळ्याकाठी,
अर्ध्या कापलेल्या पिंपात,
लाकूड कमी पडलं तर करवंट्यांवर.
मिठाचं आणि डोळ्यांचं काही सांगणार नाही,
ते सगळ्यांना माहीत असतं.

सांगते ते एवढंच, की फेब्रुवारीत
एतेल्विनाला ताप आला. घरात आम्ही विना म्हणायचो.
चार वर्षं, दोन महिने.
ट्रकमधून बाउकाउच्या दवाखान्यात नेताना ती विचारत होती,
आपण बाजारात चाललोय का,
आणि मी हो म्हणाले.
कबुलीला गेले तेव्हा फादरांना हेच सांगितलं,
दुसरं काही नाही. मी हो म्हणाले होते.
जाळीपलीकडे ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, जा. याला प्रायश्चित्त नसतं.
मी घाबरून घरी आले. त्यांना काय म्हणायचं होतं
ते कळायला मला पावसाळा संपावा लागला.

सातव्या दिवशी थडग्यावर कडू फुलं वाहिली,
मग गोड फुलं.
फुलं तीच असतात, चाफा आणि बोगनवेल,
नावं तेवढी वेगळी.
छातीवर काळी चिंधी टाचली, वर्षभरासाठी.
तेव्हापासून हे घर विनाविना.
शेजारणी म्हणाल्या, देवाला एक देवदूत हवा होता.
मी म्हणाले, त्याच्याकडे कमी होते का?
त्या उठून गेल्या,
जाताना भात झाकून ठेवून गेल्या.

नमो मरिया म्हणताना
‘उदराचे फळ’ इथे येऊन जीभ थांबायची.
बाकीच्या पुढे निघून जायच्या,
मी तिथेच, मण्यावर बोट ठेवून.

तर नाव.
मूर्ती लाकडी, निळा रंग उडालेला,
डाव्या हाताचं एक बोट नाही.
कोणीतरी तिला ताइस गुंडाळला होता, वारं लागू नये म्हणून.
लाकडाला कसलं वारं.
पण टोक सुटलं तेव्हा मीच ते नीट खोचलं.

मग लाट आली. मी तिला धरलं.
आणि माझ्याआधी माझ्या मांडीने ओळखलं.
साडेचौदा किलो.
दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं तेवढंच,
ना जास्त ना कमी,
आणि डोकं खांद्याच्या त्याच खळग्यात.

मी काही मागितलं नाही. ती काही बोलली नाही.
तिच्याही मांडीवर एकदा असंच ठेवून दिलं होतं,
वाढलेलं, जड, तेहतीस वर्षांचं,
आणि तेव्हा तिच्या शेजारणी काय म्हणाल्या असतील
देव जाणे.
मी नमो मरिया सुरू केली.
जीभ थांबली, नेहमीच्याच जागी.
या वेळी पुढे कोणी गेलं नाही.
ती थांबली माझ्यासाठी.

पलीकडे बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या, हात पसरून.
सगळ्यांत पुढे झुल्मिरा. तिचेही दोन गेलेत.
दे, म्हणाली.
मी लगेच दिलं नाही.
लांबर्तूने नाव दोनदा सरळ केली, काही बोलला नाही.
झुल्मिराही घाई करेना,
पाणी तिच्या पोटापर्यंत चढत होतं.
मग दिलं.
ताइसचं टोक थोडा वेळ माझ्या मुठीत राहिलं.

परत येताना पाहिलं, कापड सगळं भिजलेलं,
फक्त मांडीवर एक जागा कोरडी,
एका बैठकीएवढी.
तिच्यावर हात ठेवून बसले किनारा येईपर्यंत.

उतरताना कनवटीचे पैसे काढले.
लांबर्तू दोरी बांधत होता, मान वर न करता म्हणाला,
राहू दे, आईचं भाडं घेत नाही मी.

कोणत्या आईचं,
ते मी विचारलं नाही.